गुंड्याच्या कट्ट्यावर तीन दिवस

एकदा एका हळद-मिरचीच्या व्यापाऱ्याचा म्हातारा कुत्रा अन्नाला तोंड लावेनासा झाला, आणि त्या कारणाने व्यापाऱ्याच्या घरात सासू-सुनेचे बोलणे बंद पडले.

व्यापाऱ्याचे नाव सिद्रामप्पा. सीना नदीच्या काठी, एका बाजारगावात त्याचे भरभराटीचे दुकान होते. दुकानाच्या पाठीमागे त्याने चार वर्षांपूर्वी नवे दगडी घर बांधले होते. घरापुढे फरसबंद अंगण, अंगणात एक डेरेदार कडुलिंब आणि कडुलिंबाखाली कट्टा. त्या कट्ट्यालगत कुत्र्याची जागा होती. कुत्र्याचे नाव गुंड्या. पिल्लू असताना तो सुताच्या गुंडीसारखा वाटोळा दिसे म्हणून हे नाव पडले आणि पुढे अंगाने तो कितीही लांबट झाला तरी तेच राहिले. मागचे पाय अधू झाल्यापासून त्याचे सिद्रामप्पामागे दुकानात जाणेही बंद झाले होते.

सून शिवकांता, म्हणजे सिद्रामप्पाची बायको, म्हणे, "म्हातारं जनावर बाहेर ठेवणं हे पाप आहे. त्याला आत घ्या."

सासू बसव्वा, म्हणजे त्याची आई, म्हणे, "आत देव आहेत, चूल आहे. आजवर कुत्रं कधी आपल्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. कुत्र्यानं अंगणात राहावं, हीच रीत आहे."

एके दिवशी बसव्वा पुराण ऐकायला गेलेली पाहून शिवकांताने गुंड्याला धरून आत नेले आणि माजघरात घोंगडी घालून त्यावर बसवले. पण तो बसला नाही. दाराकडे तोंड करून उभाच राहिला आणि थोड्या वेळाने कण्हू लागला. सोडल्यावर मुकाट बाहेर आला. बाहेर येऊनही त्याने समोरच्या दुधाला जीभ लावली नाही. वैद्याने पोट चाचपले, दात पाहिले, डोळे पाहिले आणि सांगितले की व्याधी कसलीच नाही. तरी गुंड्या चार दिवसांत कधी एखादा तुकडा खाई तेवढाच, आणि दिवसेंदिवस सुकत चालला. त्याच्या अंगावरची कातडी आत काही नसल्यासारखी लोंबू लागली.

तेव्हा सिद्रामप्पा नदी ओलांडून पलीकडच्या मठीत गेला.

त्या मठीत एक वृद्ध गुरुजी राहत. ते बोलत थोडे, ऐकून घेत पुष्कळ. पंचक्रोशीतले लोक आपापली भांडणे घेऊन त्यांच्याकडे जात. त्यांच्याजवळ जे चार-सहा शिष्य अध्ययनाला होते त्यांत मार्तंड हा सर्वांत बुद्धिमान. वय बत्तीस. न्यायशास्त्र त्याने लहान वयातच आत्मसात केले होते, आणि वादात त्याच्यासमोर कोणी टिकत नसे. ही गोष्ट त्याला स्वतःलाही चांगली ठाऊक होती.

सिद्रामप्पाने नमस्कार केला आणि सगळी हकीकत सांगितली. शेवटी तो म्हणाला, "गुरुजी, कुत्रा बाहेर ठेवणं योग्य की अयोग्य, एवढंच सांगा. तुमचा शब्द दोघीही मोडणार नाहीत."

गुरुजींनी मार्तंडाकडे पाहिले. "मार्तंडा, तुझं काय मत?"

मार्तंडाला विचार करण्याची गरजच वाटली नाही. तो म्हणाला, "यात अवघड काही नाही. निसर्गानं कुत्र्याला अंगावर लव दिली आहे, तीच त्याची शाल. भिंतींचं बंधन माणसाला हवंसं वाटतं, प्राण्याला नाही. आत नेल्यावर तो कण्हला, हाच पुरावा. प्रश्न फक्त सोयीचा आहे. शेटजी, त्याला सावली आहे?"

"आहे. वर छप्परही घातलंय."

"पाणी?"

"दगडी डोणी आहे. रोज धुऊन भरतात."

"अन्न?"

"दोन वेळा दूध-भाकरी. साखळी म्हणाल तर ती त्याच्या गळ्यात कधी पडलीच नाही."

"मग झालं तर," मार्तंड म्हणाला. "त्याला बाहेर ठेवण्यात यत्किंचितही दोष नाही. तो जेवत नाही, हा वयाचा परिणाम आहे."

मार्तंडाची अपेक्षा होती की गुरुजी मान डोलावतील. गुरुजींनी मान डोलावली नाही. ते म्हणाले, "मार्तंडा, उद्यापासून तीन दिवस तू शेटजींच्या अंगणात राहा. गुंड्याच्या जागेवर. त्याला जे मिळतं ते तू खायचं. तो निजतो तिथं निजायचं. स्नानाला नदीवर जाऊन ये, बाकी वेळ तिथंच."

सिद्रामप्पा उठूनच उभा राहिला. "गुरुजी, असं कसं? एवढे विद्वान पंडित माझ्या दारात कुत्र्याशेजारी! लोक मला काय म्हणतील?"

"लोकांचं मी बघतो," गुरुजी म्हणाले. "तुम्ही घरी सगळ्यांना एक नियम सांगा. जो गुंड्याशी बोलेल त्यानं मार्तंडाशी बोलावं. जो गुंड्याशी बोलत नसेल त्यानं मार्तंडाशीही बोलू नये. मुद्दाम प्रेम नको, मुद्दाम दुरावाही नको. रोज चालतं तसंच चालू द्या. आणि मार्तंडा, कोणी हाक दिल्याशिवाय तू माणसांशी बोलायचं नाहीस."

"पण गुरुजी, ह्यातून सिद्ध काय होणार?"

"ते मलाही ठाऊक नाही," गुरुजी म्हणाले. "तू येऊन सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्तंड एक पंचा आणि एक पोथी घेऊन सिद्रामप्पाच्या अंगणात दाखल झाला. गुंड्याने डोके उचलून त्याच्याकडे पाहिले आणि पुन्हा खाली ठेवले. अंगाने तो मातकट रंगाचा, तोंडाशी पांढरा पडलेला, मागच्या पायांत जरा अधू असा कुत्रा होता.

मार्तंडाने जागेची पाहणी केली आणि त्याचे समाधान झाले. कडुलिंबाची सावली दिवसभर कट्ट्यावर फिरत होती. वाळलेल्या गवताने शाकारलेले छप्पर होते, खाली जाड गोणपाटे अंथरली होती. डोणीतले पाणी स्वच्छ होते. दुपारी रेवण नावाचा प्रौढ गडी आला, त्याने एक वाडगे गुंड्यापुढे आणि एक थाळी मार्तंडापुढे ठेवली आणि निघून गेला. दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी. मठीतल्या जेवणापेक्षा ती खरोखर चवदार होती. मार्तंड पोटभर जेवला. गुंड्याने वाडग्याकडे पाहिलेही नाही.

'माझेच म्हणणे खरे ठरते आहे,' असे मनाशी म्हणत मार्तंडाने पोथी उघडली. परत गेल्यावर गुरुजींपुढे मुद्दे कसे मांडायचे, याची तो जुळवाजुळव करू लागला.

घराचा दरवाजा सागवानी आणि भारी होता. उघडताना तो करकरे. त्या दिवशी दरवाजा करकरला की गुंड्या मागच्या पायांवर जोर देऊन, कष्टाने, उभा राही. कधी शिवकांता पाणी टाकायला बाहेर येई, कधी रेवण पोती उचलायला. संध्याकाळी सिद्रामप्पा दुकानातून परतला. गुंड्या उभा राहिला, त्याची शेपटी दोन-तीनदा हलली. सिद्रामप्पा कपाळावर आठ्या घालून कसल्याशा विचारात होता. त्याने वहाणा काढल्या, पायांवर पाणी घेतले आणि तो आत गेला. दरवाजा लागला. गुंड्या थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग एका जागी गोल फिरून बसला.

मार्तंडाने हे पाहिले. पण यात पाहण्यासारखे काही आहे असे त्याला तेव्हा वाटले नाही.

दुसरा दिवस मात्र लांबला. पोथी दुपारच्या आतच वाचून झाली. घरात कोणी पाहुणे आले होते. आतून हसण्याचा आवाज येत होता, मधूनच एखादे अर्धे वाक्य ऐकू येई: "अहो मग त्या बैलानं काय केलं..." आणि पुन्हा हशा. त्या बैलाने काय केले ते मार्तंडाला शेवटपर्यंत कळले नाही. ही अगदी क्षुद्र गोष्ट; पण तिची त्याला विलक्षण चुटपुट लागली. आत फोडणी पडली, वास अंगणभर पसरला. पाहुणे जेवून निघाले, मार्तंडाच्या पुढ्यातून गेले, त्यांच्यापैकी एकाने कट्ट्याकडे पाहिले, ओळखीच्या झाडाकडे पाहावे तसे, आणि तो पुढे गेला.

थोड्या वेळाने दरवाजा करकरला. गुंड्या उठला. आणि त्याच क्षणी मार्तंडाच्या ध्यानात आले की आपणही उठून उभे राहिलो आहोत.

रेवण बाहेर आला होता. त्याने खांद्यावरचा पंचा दोरीवर वाळत टाकला आणि तो आत गेला.

मार्तंड खाली बसला. त्याला स्वतःची लाज वाटली, मग राग आला. आणि राग ओसरल्यावर जे उरले त्याला काय म्हणावे ते त्याला सुचेना. त्याला ऊन लागत नव्हते. भूक नव्हती, तहान नव्हती. कोणी त्याचा अपमान केला नव्हता. पण वादसभांत शेकडो लोकांना ऐकवलेला त्याचा आवाज दोन दिवसांत कोणाच्याही कानावर पडला नव्हता. आपण आहोत, हे नक्की करण्यासाठी जणू, त्याने एक श्लोक मोठ्याने म्हटला. तो श्लोकही अंगणात नुसताच पडून राहिला.

"गुंड्या," तो म्हणाला.

गुंड्याचे कान उभे राहिले.

"गुंड्या, इकडे ये रे."

कुत्रा उठला. मागचे पाय ओढत, थांबत थांबत कट्ट्यापर्यंत आला. कट्ट्यावर चढणे त्याला झेपेना, म्हणून मार्तंड खाली फरशीवर उतरून बसला. मग गुंड्याने मोठ्या नेमकेपणाने आपली पाठ मार्तंडाच्या मांडीला टेकवली, सगळे अंग सैल सोडले आणि एक दीर्घ उसासा टाकला.

दोन दिवसांत मार्तंडाला झालेला हा पहिला स्पर्श होता. ती पाठ हाडकुळी होती, उबदार होती आणि श्वासागणिक हलत होती. त्या वर्षानुवर्षे वाद जिंकणाऱ्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी आले आणि ते पुसण्याचे त्याला सुचले नाही. 'ह्याच्या जवळ द्यायला काहीच नाही,' त्याला वाटले, 'आणि तरी ह्याने मला दिले. मी मागितलेही नव्हते.' त्याने आपल्या थाळीतली भाकरी कालवली आणि एक घास हातावर घेतला. गुंड्याने वास घेतला. मार्तंडाच्या चेहऱ्याकडे पाहिले. आणि खाल्ला. दुसरा घास खाल्ला. तिसऱ्या घासाला त्याने हात चाटूनपुसून साफ केला.

वाडग्यातले अन्न आणि हातातले अन्न एकच होते. एकाच पातेल्यातले, एकाच भाकरीचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी बसव्वा लाल मिरच्या वाळत घालायला अंगणात आली. म्हातारीने चादर पसरली, मिरच्या ओतल्या. ऊन चढत होते आणि सावली अजून कट्ट्याच्या त्या टोकाला पोहोचायची होती. मार्तंड उन्हात बसला आहे असे पाहून तिच्या तोंडून सहज निघून गेले, "अहो पंडित, सावलीला सरका की. डोकं तापेल."

बोलून गेल्यावर तिला नियम आठवला. तिने जीभ चावली. मग थोडा विचार केला आणि गुंड्याकडे वळून ती गंभीरपणे म्हणाली, "तू पण सरक रे बाबा सावलीला." आणि मार्तंडाला म्हणाली, "झालं! आता त्याच्याशीही बोलले. आता नेम मोडला नाही."

मार्तंडाला हसू आले. "नाही मोडला, आजी."

गुंड्या हलला होता. उठून, तिच्या दिशेने चार पावले टाकून, पण मिरच्यांच्या चादरीपासून जरा अंतर राखून, वाऱ्याची बाजू सोडून बसला होता.

"बघा, बघा," बसव्वा म्हणाली. "अजून ध्यानात आहे लबाडाच्या. मिरचीचा खकाणा कुठल्या बाजूला उडतो ते बरोबर कळतं त्याला. गाडीवर होता तेव्हाही असाच बसायचा."

"कुठल्या गाडीवर?"

म्हातारीने मिरच्या पसरायचा हात थांबवला. "तुम्हाला ठाऊक नाही? हे घर, दुकान आत्ताआत्ताचं. आधी माझा सिद्राम बैलगाडीवर पोती घालून बाजार करत फिरायचा. आज ह्या गावचा बाजार, उद्या त्या गावचा. महिना महिना घराचं तोंड बघायचा नाही. वाटेत चोर, वाटेत ओढे, आजारपण. निरोप तरी कोण देणार? मी आणि सून घरात दोघीच, वाटेकडे डोळे लावून. आणि हा गुंड्या गाडीबरोबर." ती गुंड्याकडे पाहू लागली. "गाडी शिवारात शिरली की हा गाडी सोडून पुढं पळत यायचा. गाडीच्या कितीतरी आधी दारात हजर. धुळीनं माखलेला, जीभ बाहेर. मग मी काय समजायचं ते समजायची. हा आला म्हणजे माझा लेक जिवंत आहे, पाठीमागून येतोय. मी आधी देवाला हात जोडायची आणि मग चुलीवर भाताचं आधण ठेवायची. सिद्राम पोहोचायचा तोवर भात शिजलेला असायचा. बारा वर्षं, पंडित. बारा वर्षं ह्यानं मला…"

पदराने तिने आधी नाक पुसले. मिरचीचा हात डोळ्याला लागेल म्हणून मनगटाने डोळे पुसले. मग ती उठली आणि मिरच्या अर्ध्याच पसरलेल्या टाकून आत गेली.

चौथ्या दिवशी सकाळी गुरुजी स्वतः नदी ओलांडून आले. सिद्रामप्पा धावत पुढे गेला. "गुरुजी, आत चला, बैठक घातली आहे."

"इथंच बरं आहे," असे म्हणून गुरुजी कट्ट्यावर टेकले. मग नाइलाजाने सिद्रामप्पाही कट्ट्यावर टेकला. शिवकांता दारात येऊन उभी राहिली, तिच्या मागे बसव्वा. दोघी तीन आठवड्यांनंतर प्रथमच इतक्या जवळ उभ्या होत्या.

गुरुजींनी विचारले, "मार्तंडा, ऊन लागलं?"

"नाही."

"उपाशी राहिलास?"

"नाही गुरुजी. फार चांगलं जेवलो."

"कोणी टाकून बोललं?"

"काल आजी बोलल्या, तोवर कोणीच काही बोललं नाही. तेवढंच झालं. दार वाजलं की मी उठून उभा राहत होतो. माझ्यासाठी कोणी येणार नाही, हे ठाऊक असूनही. मी म्हणालो होतो, प्रश्न फक्त सोयीचा आहे. सोय सगळी होती, गुरुजी. माझं म्हणणं चुकलं. पण मग बरोबर काय, ते मला अजून सांगता येत नाही. आणि एक गोष्ट घडली. परवा गुंड्या माझ्या मांडीला पाठ टेकवून बसला आणि माझ्या हातून जेवला."

"जेवला?" सिद्रामप्पा म्हणाला. त्याचा चेहरा आनंदाने उजळला आणि लगेच गोंधळला. "पण गुरुजी, मला एक कोडं सुटत नाही. हा आयुष्यभर बाहेरच राहिला आहे. बारा वर्षं माझ्या गाडीखाली झोपला. थंडीत, पावसात, चिखलात. छप्पर नव्हतं, दूध नव्हतं, कधी कोरडी भाकरी, कधी तीही नाही. तेव्हा हा कधी कण्हला नाही. उलट सदा उड्या मारायचा. मग आता, एवढं सुख असताना, ह्याला बाहेर राहणं का सोसवेना?"

"तेव्हा हा गाडीखाली झोपायचा," गुरुजी म्हणाले. "आणि तुम्ही?"

"मीही गाडीखालीच. दुसरीकडे कुठं झोपणार? पोती वर, आम्ही दोघं खाली. थंडी फार असली की हा माझ्या…"

सिद्रामप्पाची नजर गुंड्याकडे वळली.

गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "गुंड्याला कोणी बाहेर काढलेलं नाही, शेटजी. तो होता तिथंच आहे. आत तुम्ही गेलात."

सिद्रामप्पाने मान वळवून घराच्या दाराकडे पाहिले.

"यात तुमचा अपराध आहे असं मी म्हणत नाही," गुरुजी पुढे म्हणाले. "कष्ट केलेत, घर बांधलंत, आईला आणि बायकोला निवारा दिलात. मुक्या जिवाला सावली दिलीत, पाणी दिलंत, साखळी घातली नाहीत. एवढं न करता जो जनावर बाळगतो त्याच्याशी मी ह्या विषयावर बोलणारही नाही. आधी त्यानं ते करावं. पण कुत्र्याला तुम्ही विचाराल, तुझं घर कोणतं, तर तो भिंत दाखवणार नाही. तो तुमच्याकडे बघेल. म्हणून आत कोंडल्यावरही तो कण्हला. सूनबाईंनी घोंगडी मायेनं घातली, पण तुम्ही तेव्हा दुकानात होता. धनगराचा कुत्रा जन्मभर उघड्यावर राहतो, त्याची दया करायला मी जाणार नाही, कारण धनगर त्याच्या शेजारी असतो. आणि गादीवर निजणारे, पण ज्यांच्याशी दिवसात एक शब्दही कोणी बोलत नाही, असे जीव मी मोठमोठ्या घरांतून पाहिलेत. त्यांत माणसंही होती. आत की बाहेर, हे शेवटी विचारावं. जवळ की लांब, हे आधी."

"मग मी काय करू?" सिद्रामप्पाने विचारले. "घर सोडून इथं येऊन राहू?"

गुरुजी हसले. "घर कशाला सोडता? दिवसातलं जे काम बाहेर बसून होईल ते बाहेर करा. एवढंच पुरे. आणि थंडीच्या दिवसांत दार ओढून घेऊ नका. यायचं तर तो येईल. त्याचं त्याला कळतं."

सिद्रामप्पा कट्ट्यावरून उतरला. दुकानदाराचे पांढरेशुभ्र धोतर फरशीवर टेकवून तो गुंड्यापुढे बसला. चार वर्षांत तो कुत्र्याच्या इतक्या खाली आला नव्हता. मग पूर्वी बाजाराला निघताना, बैल जुंपून झाल्यावर, तो जे म्हणत असे तेच त्याच्या तोंडून आले. "चला गुंडोजीराव, निघायचं का?"

तो कुत्रा धडपडत उभा राहिला. त्याला उडी मारायची होती, पाय उचलेनात. तेव्हा त्याने आपले पांढरे तोंड सिद्रामप्पाच्या काखेत खुपसले आणि तो सगळ्या अंगाने थरथरू लागला. सिद्रामप्पाने त्याला दोन्ही हातांनी कवटाळले. "चुकलो रे," तो म्हणत होता, "तू मला सांभाळलंस आणि मी चुकलो."

दारातून बसव्वा वळली. शिवकांताला वाटले, सासूबाईंना हे रुचले नाही. पण म्हातारी लगेच परत आली. तिच्या एका हातात गव्हाचे सूप होते, दुसऱ्या हातात बसायचा पाट. ती उंबरा ओलांडून बाहेर आली, गुंड्याच्या छपराशेजारी पाट मांडून बसली आणि गहू निवडू लागली. निवडता निवडता म्हणाली, "सूनबाई, भाजी चिरायची असेल तर इकडेच घेऊन या. आत अंधार असतो."

तीन आठवड्यांनंतर सासूने सुनेला मारलेली ती पहिली हाक. शिवकांता विळी आणायला आत पळाली.

त्या दिवसापासून सिद्रामप्पाची न्याहारी कट्ट्यावर होऊ लागली. गुंड्या त्याच्या हातून पहिला घास खाई, उरलेले मग वाडग्यातून आपले आपण खाई. तो पुढे दोन वर्षे जगला. अंगणातच राहिला. पौषातल्या कडाक्यात मात्र एका सकाळी तो स्वतःच्या पायांनी उंबऱ्यापाशी आला आणि थांबला. आत बसव्वा पूजेला बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिले, देवाकडे पाहिले आणि थोडी बाजूला सरकली.

पण ही पुढची गोष्ट. त्या चौथ्या दिवशी गुरुजी आणि मार्तंड मठीकडे परत निघाले. नदीचे पाणी गुडघाभर होते. वृद्ध गुरुजींचा हात धरून मार्तंड त्यांना पलीकडे नेत होता. मध्यावर आल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, शेटजींनी प्रश्न विचारला तेव्हाच तुम्हाला उत्तर ठाऊक असणार. मग मला का पाठवलंत?"

"मी तेव्हाच सांगितलं असतं," गुरुजी म्हणाले, "तर शेटजींनी नमस्कार केला असता आणि तू ते पाठ केलं असतंस."

मार्तंड काठावर आला. गुरुजींचे पाय त्याने आपल्या पंच्याने कोरडे केले आणि त्यांवर डोके ठेवले. "तुमचे फार उपकार झाले."

"माझे कसले? मी तर मठीत बसून होतो. ज्यानं तुझ्या मांडीला पाठ टेकवली त्याचे उपकार मान."

"त्याचे मानले," मार्तंड म्हणाला. पण तो उठला नाही. वाळूत तसाच बसून राहिला. त्याच्या डोळ्यांपुढे आता गुंड्या नव्हता.

त्याच्यापुढे त्याचा थोरला भाऊ होता. वडील लवकर गेले तेव्हा त्या भावाने स्वतःची पाटी बाजूला ठेवून नांगर धरला होता आणि मार्तंडाला शिकायला पाठवले होते. मार्तंड घरी जाई तेव्हा त्याच्याबरोबर पंडित मित्र असत. ओसरीवर पंगत बसे, शास्त्रार्थ रंगे. भाऊ हसतमुखाने सगळ्यांना वाढी, आग्रह करी आणि वाढून झाले की आपले ताट घेऊन गोठ्याकडे जाई. 'तुमच्या बोलण्यातलं मला काय कळतं?' असे म्हणे. मार्तंडाने त्याला कधी जा म्हटले नव्हते. आणि थांब असेही कधी म्हटले नव्हते. वर्षाकाठी भावाला नवे धोतर आणि घोंगडी पाठवली की आपण सगळे केले, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत आले होते.

"गुरुजी," तो म्हणाला, "मला आठ दिवसांची सुट्टी हवी आहे. गावी जाऊन येतो."

"काही कार्य आहे घरी?"

"कार्य काही नाही." मार्तंड उठला. त्याने अंगावरची वाळू झटकली. "दादा जेवायला बसेल तिथं माझं ताट घेऊन बसायचं आहे."

गुरुजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि मार्तंड मठीत न जाता तसाच गावाच्या वाटेला लागला.